७२ हंगामांची पैसेवारी

मेटॅलिका या अमेरिकी बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम १४ एप्रिल २०२३ला बाजारात आला. त्यावर आत्ता लिहितो म्हणून कुणी उशिराचा ठपका ठेवू नये. आमच्याकडे खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबर सरता सरता जाहीर होते. तोवर सोयाबीन विकलेलं असतं आणि त्याचे पैसेही कृषी केंद्रवाल्याच्या गल्ल्यात गेलेले असतात. पीक कसं आलं हे पीक संपल्यावर सांगायचं, ही महसूल खात्याची जुनी रीत. मी तिचाच पाईक.

आधी नावाचं बघू. ७२ सीझन्स म्हणजे माणसाची पहिली १८ वर्षं, असा खुलासा गायक जेम्स हेटफिल्डनं केला आहे. वर्षाचे चार ऋतू, गुणिले अठरा. आमच्या तेल्हाऱ्यात हा हिशेब जुळत नाही. पंचांगाप्रमाणे ऋतू सहा, म्हणजे झाली १२ वर्षं. पावसाळा-हिवाळा-उन्हाळा धरा, २४. खरीप-रब्बी धरा, ३६. आणि खारपाणपट्ट्यातल्या कास्तकाराला विचाराल, ज्याच्या विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही नि माणसालाही, तर त्याचा भरवशाचा हंगाम वर्षाला एकच. त्याचे ७२ हंगाम म्हणजे अख्खा जन्म, आणि तो कुणी अल्बम करून विकायला काढत नाही.

वेष्टन पिवळंजर्द. त्यावर लहान मुलाचा काळा पाळणा आणि भोवती जळक्या वस्तू. पाहताक्षणी माझ्या पोटात गोळा आला. सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो तेव्हा वावर लांबून असंच दिसतं.

मी या बँडचं जुनं कूळ. अमरावतीच्या होस्टेलात कॅसेटवरून कॅसेट भरून घेतली, तेव्हापासूनचा. २०११ साली हे लोक पहिल्यांदा भारतात आले, तर घरी मशीनचा पार्ट आणायला जातो असं सांगून बंगळुरू गाठलं. त्याच्या दोन दिवस आधी, ऐन भाऊबीजेला, गुरगावचा कार्यक्रम रद्द झाला होता आणि चिडलेल्या पब्लिकनं स्टेजची मोडतोड केली होती. बंगळुरूत मात्र ३० ऑक्टोबरला ते वाजले, आणि काय वाजले! आठवडाभर मान वळत नव्हती. घरी सांगितलं, एसटीच्या खिडकीतलं वारं लागलं. आईनं तेल लावून दिलं.

तर सांगायचं हे, की मी वैरी नाही. पण पैसेवारी काढायला बसलं की सोयरा-धायरा पाहायचा नसतो. निदान कागदावर तरी.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. शिवारात दहा बाय दहा मीटरचे प्लॉट पाडायचे, पीक कापायचं, तोलायचं आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं. पन्नास पैशांच्या खाली आलं तर दुष्काळ, वर आलं तर सारं आलबेल. इथे प्लॉट बारा, कारण गाणी बारा. प्रमाण उत्पन्न कोणतं धरायचं, यावर वाद होऊ शकतो. मी १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ धरला. आजची पोरं तो २०२२च्या एका वेब सीरिजमुळे ओळखतात. भाचा मला म्हणाला, “मामा, हे स्ट्रेंजर थिंग्जवालं गाणं तुले बी माहीत हाय?” मी त्याला जेवल्याशिवाय जा म्हटलं.

बँडचा सातबारा काढला तर नापिकी यंदाची नाही, हे दिसतं. १९८८च्या अल्बमात बास गिटार ऐकूच येत नाही. वाजवणारा होता, वाजवतही होता, पण मिक्सिंगमध्ये त्याला असा दाबला की वरणात डाळ शोधावी तसा शोधावा लागतो. १९९६ साली सगळ्यांनी केस कापले. माझा बाप दहा वर्षं जे मला सांगत होता ते या चौघांनी एका झटक्यात ऐकलं, आणि घरात माझी बाजू कायमची पडली. २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये ड्रमचा असा आवाज लावला की मृगाआधी छपरावर टिनं ठोकायला माणूस चढलाय असं वाटावं. गिटारचे सोलो तर त्यात औषधालाही नाहीत. त्या अल्बमच्या वेळी बँडमध्ये भाऊबंदकी माजली होती. ती मिटवायला महिन्याला ४० हजार डॉलर देऊन एक समुपदेशक ठेवला, आणि त्यावर २००४ साली सिनेमाही निघाला. आमच्याकडे धुऱ्याचं भांडण चार म्हातारे पारावर बसून मिटवतात, चहावर. पुढे २००८चा अल्बम इतका कर्कश रेकॉर्ड झाला की त्याच्यापेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी बरी ऐकू येतात म्हणून हजारो चाहत्यांनी अर्जावर सह्या केल्या. अर्जाचं काय झालं? अर्जाचं जे होतं तेच.

आता यंदाची कापणी. अल्बम ७७ मिनिटांचा. तेल्हाऱ्याहून निघालेली एसटी अकोट मागे टाकते तरी हा संपत नाही. ‘लक्स इटर्ना’ हा एकच प्लॉट खरा भरला, अवघा साडेतीन मिनिटांचा. हेटफिल्ड त्यात वीस वर्षांच्या पोरासारखा धावतो. बाकी प्लॉटांत झाडं उंच, पानं हिरवीगार, बोंडं मोजून चार. पाच मिनिटांत आटपावं असं गाणं सातव्या मिनिटाला पोचतं आणि तिथून परत पहिल्या मिनिटावर येतं. मधेच गिटारवाल्या कर्क हॅमेटचा सोलो सुरू होतो. वाहवा पेडलवर पाय ठेवला की उचलायचा असतो, ही गोष्ट त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेली नाही.

‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ म्हणजे काटेरी तारेचा मुकुट. आमच्या भागात काटेरी तार धुऱ्यावर लावतात, सातपुड्यातून उतरणाऱ्या रोह्यांसाठी आणि रानडुकरांसाठी. तीही त्यांना अडवत नाही, पण निदान डोक्यावर तरी कुणी घेत नाही. ‘चेसिंग लाइट’ हे नाव वाचून मात्र आशा वाटली. लाईनच्या मागे पळणं ही या तालुक्याची खरी व्यथा. रात्री दोनला थ्री फेज येते, मोटर चालू करायला बॅटरी घेऊन वावरात जा, पोचेपर्यंत लाईन गेलेली. ऐकलं, तर त्यात त्यांच्याच मनातला उजेड-अंधार होता. डीपीचा उल्लेखसुद्धा नाही.

शेवटचं गाणं ‘इनामोराटा’ ११ मिनिटांचं, बँडच्या स्वतःच्या गाण्यांतलं सर्वांत लांब. वयाबरोबर गाणं का लांबतं, हे तालुक्याच्या कुठल्याही कार्यक्रमात समजतं. नवा कार्यकर्ता दोन मिनिटांत बोलून खाली बसतो आणि माजी आमदार जेवणाची वेळ टळली तरी ‘शेवटचे दोन शब्द’ म्हणत असतात. स्लेयर या बँडनं १९८६मध्ये ‘रेन इन ब्लड’ काढला. दहा गाणी, एकोणतीस मिनिटं. इतका आखूड की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम बसवला होता, उलटली तरी तोच. त्याच स्लेयरनं २०१९ला कायमचा निरोप घेतला आणि २०२४ला परत आले. राजकारण सोडतो म्हणणाऱ्यांना आपण उगीच एकट्यांना बोल लावतो.

मी पहिल्यांदा अल्बम ऐकला तो १४ एप्रिललाच, जिनिंगच्या ऑफिसात, मोठ्या स्पीकरवर. बाहेर बाबासाहेबांच्या जयंतीची तयारी चालली होती आणि पोरं ताशे तापवून पाहत होती. दोन ठोक्यांत कळलं की आतला ड्रम हरला. आमच्या ऑफिसात सरकीचा भाव विचारायला येणारे एक म्हातारे काका बसले होते. चौथ्या गाण्यापर्यंत त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. मग म्हणाले,

“हा इतका बोंबलून रायला, तं याचं बुडालं का?”

“काही नाही काका.”

“वावर गेलं?”

“नाही. कोट्यधीश आहे.”

“मंग पोरगी-गिरगी पळाली का कोनाची?”

“नाही काका, हा आतला राग आहे. लहानपणचा.”

“साठीचा दिसते बाप्पा,” फोनवरचा फोटो पाहत काका म्हणाले, “अजून लहानपनच काढून रायला? आमाले तं काल काय झालं थे आठवत नाई.” आणि त्यांनी कापसाचा भाव विचारला. तो ऐकून त्यांनी जो आवाज काढला, तसा आवाज अख्ख्या ७७ मिनिटांत नव्हता.

काकांनी नेमकं तेच पकडलं. एकेकाळी या लोकांकडे कार्यक्रमापुरते पैसे नव्हते, १९८३मध्ये गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला बँडमधून काढलं तर न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला बसनं परत धाडलं. तेव्हाचा राग बिनखताचा उगवायचा. आता रागाला ठिबक आहे, विद्राव्य खत आहे, शेडनेट आहे, फवारणीला माणसं आहेत. माल एकसारखा निघतो, चकचकीत निघतो, निर्यातीला चालतो. चव तेवढी विचारू नका.

सरकारी दप्तरात मात्र सगळं उत्तम. याआधीचे सलग सहा स्टुडिओ अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरावर आले होते, हा दुसऱ्या नंबरावर थांबला. तरी २०२४ साली शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालंच. शेतकऱ्याला पुरस्कार मिळतो त्या वर्षी त्याचं पीक कसं होतं, हे समारंभात कुणी विचारत नाही.

बारा प्लॉटांची सरासरी मी प्रामाणिकपणे काढली. ३८ पैसे. पण पन्नासच्या खाली गेलं की दुष्काळ जाहीर करावा लागतो, सवलती द्याव्या लागतात आणि चाळीस वर्षांच्या भक्तीची परीक्षा फी माफ करावी लागते. ते कुणालाच परवडत नाही, मला तर नाहीच. पुढचा अल्बम आला की मी रांगेत पहिला असणार, जसा दर मे महिन्यात त्याच कंपनीच्या बियाण्यासाठी असतो.

सबब ‘७२ सीझन्स’ची अंतिम पैसेवारी ५१ पैसे जाहीर करण्यात येत आहे. कुणाची हरकत असल्यास ती सात दिवसांत लेखी द्यावी. तोंडी, विशेषतः ओरडून दिलेली हरकत स्वीकारली जाणार नाही.