शीतोष्ण व्रत : साहित्य, विधी आणि निषेध

ज्यांना निसर्ग हवा असतो पण त्याचे तापमान नको असते, अशा भाविकांसाठी हे व्रत आहे. दही थंड राहावे आणि आंघोळीचे पाणी गरम असावे, एवढ्या दोन मागण्या घेऊन मंडळी विजेच्या तारा जिथे संपतात तिथे मुक्कामाला जातात. व्रतासाठी आम्ही भंडारदऱ्याचा जलाशय आणि कळसूबाईचा परिसर निवडला आहे. तिथे हिवाळ्यात दुपारी टोपी लागते आणि पहाटे कानटोपी, त्यामुळे एकाच मुक्कामात व्रताच्या दोन्ही अंगांची परीक्षा होते. इतर ठिकाणच्या साधकांनी आपापल्या हवामानाप्रमाणे फेरफार करावेत.

संकल्प

रानात थंडी तयार होत नाही, हे प्रथम मान्य करावे. ती आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये तयार होते आणि रानात फक्त खर्च होते. साधकाने हा खर्च लांबवायचा असतो. बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही की दही थंड राहते. आतली बाहेर जाऊ दिली नाही की चहा गरम राहतो. दोन्हीकडे काम अडवण्याचेच. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे निर्वात भांडे केले ते अतिथंड द्रवरूप वायू साठवायला. त्याने पेटंट घेतले नाही, आणि पुढे १९०४ मध्ये जर्मनीत तेच भांडे ‘थर्मॉस’ या नावाने बाजारात आले. आज आपण त्यात उकळता चहा भरतो आणि भांडे त्याबद्दल काही तक्रार करत नाही.

तेव्हा विज्ञान सोपे आहे. अवघड आहेत ती सोबतची माणसे.

झाकणाधिकाऱ्याची नेमणूक

निघण्यापूर्वी गटातून एका व्यक्तीची झाकणाधिकारी म्हणून नेमणूक करावी. ही व्यक्ती मितभाषी, संशयी आणि शक्यतो निवृत्त शिक्षिका असावी. बर्फाची पेटी तिच्या परवानगीशिवाय उघडू नये. “अगं, जरा बघू दे ना, अजून थंड आहे का” हे कारण ग्राह्य धरू नये, कारण पाहिल्यानेच ते थंड राहत नाही.

शंका असणाऱ्यांनी १८३३ सालचे उदाहरण ध्यानात घ्यावे. त्या वर्षी फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त, आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. श्रेय लाकडाच्या भुशाला दिले जाते. आमच्या मते अर्धे श्रेय जहाजावर आपल्यापैकी कोणी नसल्याला द्यायला हवे. आपल्या मंडळींकडे तोच बर्फ दिला असता तर कोळंबी नीट आहे ना हे पाहता पाहता तो बोस्टनच्या बंदरातच वितळला असता.

शीतविधी

१. पेट्या दोन असाव्यात. एक पेयांची, जी दर दहा मिनिटांनी उघडणारच. दुसरी अन्नाची, जी फक्त जेवणाच्या वेळी उघडेल. दोन्ही एकत्र केल्यास सरबताच्या तहानेची किंमत चिकनला मोजावी लागते.

२. बर्फ लादीचा घ्यावा, चुऱ्याचा नको. लादीला पृष्ठभाग कमी, त्यामुळे ती हळू वितळते. लादी न मिळाल्यास पाण्याच्या बाटल्या मानेपर्यंत भरून, वर थोडी जागा सोडून, दोन दिवस आधीच फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. वितळल्यावर त्याच प्यायला येतात.

३. पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू घरूनच गार करून न्यावी. तीस अंशांवरच्या चार लिटर पेयांना दहा अंशांवर आणायचे तर एक किलो बर्फ पूर्ण वितळतो. भावजी घोटीच्या बाजारात कोमट बाटल्यांचे खोके विकत घेऊन “यात टाका हो, होतील गार” म्हणतात, तेव्हा ते प्रत्यक्षात किलोकिलोने बर्फ मागत असतात. त्यांना हा हिशेब शांतपणे सांगावा. ते ऐकणार नाहीत, तरी सांगावा.

४. कच्चे मासे किंवा मांस घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सर्वांत खाली. वितळलेले पाणी ओतून देण्याची घाई करू नये. ते अजून गारच असते आणि ते गेले की त्या जागी गरम हवा शिरते. मात्र डब्यातून गळती झाली असेल तर ते पाणी टाकावे आणि डबा बांधणाऱ्याचे नाव लक्षात ठेवावे.

५. पाच ते साठ अंश हा जंतूंचा सुगीचा काळ. त्या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहिलेले मांस, मासे, दूध पोटात घालू नये. कडक उन्हात तर एक तासच धरावा. “वास तर येत नाहीये” हा युक्तिवाद रात्री अडीच वाजता तंबूची चेन शोधताना आठवतो.

६. पेटी सावलीत ठेवावी, सावलीबरोबर सरकवावी आणि वर गोधडी घालावी. “गोधडीने बर्फ तापेल ना!” अशी ओरड होईल. गोधडीला स्वतःची ऊब नसते. ती फक्त अडवते.

७. बर्फ संपल्यावर माठाला शरण जावे. पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना, तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळताना घेतो त्याच्या सुमारे सातपट उष्णता ओढून नेते. माठ नसेल तर बाटलीला ओला पंचा गुंडाळून ती वाऱ्यावर टांगावी. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम. मेअखेरीस काजवे पाहायला जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. तेव्हा हवाच इतकी ओलसर होऊ लागते की पंचा वाळत नाही आणि पाणी गार होत नाही.

उष्णविधी

१. बादलीभर, म्हणजे पंधरा लिटर, पाणी आंघोळीपुरते तापवण्यासाठी सगळे पाणी चुलीवर चढवायची गरज नाही. चार लिटर उकळावे आणि वीस अंशांच्या अकरा लिटर गार पाण्यात मिसळावे. चाळीस अंशांचे, न भाजणारे, न कुडकुडवणारे पाणी मिळते.

२. तरीही इंधनाचा हिशेब ठेवावा. २३० ग्रॅमच्या गॅसच्या छोट्या डब्यातला साधारण पाव गॅस एका बादलीला जातो. चार जणांच्या आंघोळी झाल्या की चहा गेला. आंघोळ की चहा, यावर निघण्यापूर्वीच मतदान घ्यावे. चहा जिंकतो असा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि ज्यांनी आंघोळीला मत दिले ते पहाटेच्या थंडीत पक्षांतर करतात.

३. गॅस वाचवायचा असेल तर सूर्याला कामाला लावावे. वीस लिटरची काळी पिशवी सकाळी साडेदहाला उन्हात पसरून ठेवावी. स्वच्छ उन्हात दोन-तीन तासांत पाणी वीसेक अंशांनी चढते. एकच अडचण : पाणी दुपारी दीडला तयार होते आणि आंघोळ सकाळी सातला हवी असते. यावर विज्ञानाने अद्याप तोडगा काढलेला नाही. दुपारी दीडला आंघोळ करावी, हा तोडगा घरातल्या ज्येष्ठांनी फेटाळला आहे.

४. रात्री जेवणानंतर उरलेल्या आचेवर पाणी उकळून थर्मॉसमध्ये भरावे. आधी थर्मॉस गरम पाण्याने विसळावा आणि तो काठोकाठ भरावा. अर्धा थर्मॉस लवकर निवतो. पहाटेचा पहिला चहा त्यातून होतो. तो कोणाचा, हे झाकणाधिकाऱ्याने ठरवावे.

५. भातासाठी गोधडी पुन्हा कामाला येते. भात पाच-सात मिनिटे खळखळू द्यावा, झाकण घट्ट लावावे आणि पातेले गोधडीत गुंडाळून तासभर विसरून जावे. पुढे भात आतल्याच उष्णतेवर शिजतो. “झाला का बघू” म्हणणाऱ्यास पाण्याच्या कॅन भरायला पाठवावे.

६. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर पाणी साधारण ९४-९५ अंशांनाच उकळते. तिथे डाळ शिजत नाही म्हणून चूल, लाकूड किंवा सूनबाई यांना दोष देऊ नये.

७. गाडीत जागा असेल तर आजोळचा तांब्याचा बंब न्यावा. त्याची जाळनळी पाण्याच्या मधोमध जाते, त्यामुळे धुराबरोबर निघालेली उष्णताही वाटेत पाण्याला गाठते. आयर्लंडची केली केटल याच तत्त्वावर चालते आणि खांद्यावरून नेता येते. बंब खांद्यावरून नेता येत नाही, म्हणून त्याचा अभिमान घरी बसूनच बाळगला जातो.

निषेध

पॉवर बँकेवर पाणी तापवण्याची कल्पना तंत्रस्नेही भाचा मांडेल. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॅट-तास ऊर्जा असते. बादलीला ३५० लागतात. म्हणजे बादलीला पाच पॉवर बँका, त्याही काही वाया गेले नाही असे धरून. नंतर गाडीच्या बॅटरीकडे बोट दाखवले जाईल. त्या बॅटरीवर एक आंघोळ होते खरी, पण मग गाडी ढकलावी लागते आणि ढकलणाऱ्याला पुन्हा आंघोळ लागते.

बर्फात मीठ घालू नये. मिठाने तापमान उणे वीसच्या आसपास उतरते, म्हणूनच कुल्फीवाले ते घालतात. पण बर्फही तितक्याच वेगाने संपतो. साधकाला दोन दिवस काढायचे आहेत, कुल्फी जमवायची नाही.

तंबूत शेगडी किंवा निखारे कदापि नेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; ही ओळ विनोदाने घेऊ नये. गॅसच्या डब्याभोवती चारी बाजूंनी वाराआड बांधू नये, डबा तापून फुटतो. सुक्या गवतात चूल मांडू नये. हा परिसर अभयारण्याचा आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि वणवा झाकणाधिकाऱ्यालाही जुमानत नाही.

अनुकल्प

मूळ विधी न झेपल्यास शास्त्रात गौण पर्याय सांगितलेला असतो. इथला पर्याय असा : ज्या अन्नाला थंडी लागतच नाही ते न्यावे. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ, लोणचे, सुकट. या जेवणाची बर्फाशी ओळखही नाही. आपल्याकडे प्रवास करणारे शेकडो वर्षे हेच बांधून निघत आणि कोणाला आइसबॉक्स वाहावा लागत नसे.

त्याहून सोपा पर्याय म्हणजे साम्रद किंवा आसपासच्या गावात जेवण सांगावे. नागलीची भाकरी आणि पिठले थेट चुलीवरून ताटात येते. थंड ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. चूल पेटलेलीच असते, तेव्हा मावशींना विनंती केल्यास पाण्याचे पातेलेही चढते. पैसे न मागता द्यावेत. सोबत आणलेले तंत्रज्ञान मात्र त्यांना समजावून सांगू नये.

फलश्रुती

जो हे व्रत नियमाने आचरेल त्याला दुसऱ्या दिवशीही दही आंबट न होता मिळेल. जो झाकण उघडत राहील त्याच्या दह्याची कढी होईल; तीही वाईट लागत नाही, पण ती ठरवून केली होती असे घरी सांगावे लागेल. झाकणाधिकाऱ्याशी परतीच्या प्रवासात कोणी बोलणार नाही. पुढच्या वर्षी बेत ठरला की पहिला फोन मात्र त्यालाच जाईल, कारण सगळ्यांना आठवत असेल की गेल्या वेळी कोळंबी शेवटपर्यंत नीट होती.