बिनविरोध मंडळी

बिशप नको, सगळं मंडळीच ठरवेल, ही काँग्रिगेशनल पद्धत अमेरिकन मराठी मिशनने घोडनदीच्या शिरूरला आणली. बोस्टनकडे तिला लोकशाही म्हणत. इथे तिला भावकी भेटली. रेल्वेच्या दौंडच्या मंडळीत तर हुद्द्यांची उतरंड आयतीच होती. १९७० साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, बिशपही आले. तरी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक साखर कारखान्याच्याच वळणाची: पॅनेल, पाहुणे-रावळे, रुसवे-फुगवे आणि शेवटी ‘बिनविरोध’. पाळकांची बदली होते, कमिटीतल्या आडनावांची होत नाही. भजनात, वर्गणीत, स्वयंपाकात बायका बहुमतात. हिशेबाची वही मात्र काकांकडे. देवापुढे सगळे समान. उमेदवारांच्या यादीत अनुक्रमांक असतात, एवढंच.