गडग्यावरचा पासवर्ड

आमच्या आणि काकूंच्या परसात चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. तो घातला गुरं येऊ नयेत म्हणून. बातम्यांना त्याची कधी अडचण झाली नाही. परवा सकाळी मी दोरीवर कपडे टाकत होते नि पलीकडे काकू खाटेवर आमसुलं पसरत होत्या. हात मनगटापर्यंत लाल, पदर खोचलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कळलं का गो, वरच्या आळीतल्या मास्तरांचं?"

कळलं होतं. पण गडग्यावर एकदम "हो" म्हणायचं नसतं, समोरच्याची मजा जाते. "काय झालं?" म्हटलं.

"कोणीतरी त्यांच्या फेसबुकात शिरलं की! सगळ्यांना मेसेज गेले, मी दवाखान्यात आहे, पंधरा हजार ताबडतोब पाठवा. मास्तर इकडे पडवीत बसून फणस फोडतायत आणि बोरिवलीचा भाचा रडत फोन करतोय, मामा कुठल्या दवाखान्यात आहेत म्हणून. व्याह्यांनी तर पाच हजार पाठवूनसुद्धा दिले."

"गेले?"

"गेले ते गेले. 1930 ला फोन केला म्हणे, पण दोन दिवसांनी. आधी वाट बघत बसले, मास्तर आपणहून परत करतील म्हणून. व्याह्यांकडे पैसे मागायचे कसे?"

सायबर फसवणुकीच्या त्या नंबरावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं असतं, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर येतात. पण सोयरीक आडवी आली की माणूस पाच हजारांवर पाणी सोडतो, हे काकूंना कोण सांगणार. त्यांनी धाकट्या जावेला दिलेली बोरमाळ अजून परत आलेली नाही.

"पण शिरला कसा तो?" काकू म्हणाल्या.

मास्तरांच्या मुलाने ते शोधून काढलं होतं. मास्तरांचा पासवर्ड म्हणजे नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल. इथवर ठीक. पण तोच मेलला, तोच फेसबुकला आणि तोच कधी काळी कलमं मागवायला एका दुकानाच्या साइटवर खातं उघडलं होतं तिथेही. त्या दुकानाची यादी कधीतरी चोरीला गेली. मग चोराला मास्तर कोण, ते माहीत असायचीही गरज नाही. मेलचा पत्ता आणि पासवर्ड अशी जोडी हाती लागली की यंत्र ती शंभर ठिकाणी लावून बघतं. एका घराची किल्ली सापडल्यावर चोर आळीतली सगळी कुलपं उघडून बघतो तसं. इथे सगळी कुलपं मास्तरांचीच निघाली.

"मूर्खपणा," काकू म्हणाल्या. "माझा तसा नाही हो. माझा अवघड आहे."

"ओळखू?"

"ओळख की!"

"नातवाचं घरातलं नाव, पहिलं अक्षर मोठं. मग ते गोल शेपटीचं अॅट. मग एक-दोन-तीन."

काकूंच्या हातातलं आमसूल खाटेखाली पडलं. मांजर येऊन हुंगून गेलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. नातू झाल्यापासून रोज सांगताय. अॅट आणि एक-दोन-तीन तर सगळेच लावतात, त्याला सांगावं लागत नाही."

मला वाटतं, आपल्याकडे पासवर्ड फोडायला हुशार चोर लागतच नाही. एक गडगा पुरतो. कुणाचं बारसं कधी झालं, गाडीचा नंबर काय, कुलदैवत कोणतं, सगळं वाडीला पाठ. खातं परत मिळवायला ते प्रश्न विचारतात ना, आईचं माहेरचं आडनाव काय? आता हे गुपित म्हणून कोणाला विचारायचं? सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न तोच असतो. आणि फसतात ते काय आपलेच लोक असं नाही. 2008 साली अमेरिकेत सेरा पेलिन उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या. त्यांचं याहूचं खातं एका कॉलेजातल्या पोराने उघडलं. पासवर्ड फोडलाच नाही, 'विसरलो' म्हणून सांगितलं आणि प्रश्नांची उत्तरं दिली. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी ओळख कुठे झाली. शाळेत झाली होती, ते सगळ्या पेपरांत छापून आलेलं.

"मग काय उत्तर द्यायचं?" काकू.

"खोटं. आईचं माहेरचं आडनाव म्हणून शेवग्याची शेंग लिहा. लिहून मात्र ठेवा कुठेतरी."

"शेवग्याची शेंग!" त्या हसल्या. मग एकदम गंभीर. "पण माझा कमकुवत कसा गो? मोठं अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे. त्या साइटने हिरवी पट्टी दाखवली मला, 'स्ट्राँग' म्हणून."

ही हिरवी पट्टी म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी. उंची, रंग, शिक्षण मोजून मोकळी. तुम्हाला नातू आहे हे तिला कुठून कळणार? आणि हे मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आलं कुठून, त्याची कथा मला भाचीने गेल्या दिवाळीत सांगितली. ती पुण्यात आयटीत आहे. अमेरिकेच्या सरकारी प्रमाणसंस्थेत बिल बर म्हणून गृहस्थ होते. त्यांनी 2003 साली पासवर्ड कसे असावेत याची सूचनावली लिहिली, त्यात हे सगळं होतं. त्यातून दर 90 दिवसांनी बदलायची पद्धतही जगभर रुजली. माणसांनी काय केलं? 'ओ'च्या जागी शून्य, 'ए'च्या जागी अॅट. चोरांच्या यंत्रांना या खोड्या पहिल्यापासून पाठ. मी पतसंस्थेत होते तेव्हा तोच 90 दिवसांचा नियम होता. मी शेवटचा आकडा वाढवत गेले, एकचा दोन, दोनचा तीन. निवृत्त झाले तेव्हा 31 वर होते. 2017 साली ते बर 72 वर्षांचे होते, निवृत्त झालेले. एका वर्तमानपत्राला म्हणाले, जे लिहिलं त्यातल्या बऱ्याचशाचा आता पश्चात्ताप होतो. त्याच साली त्या संस्थेनेही नियम फिरवले. उगाच बदलायला लावू नका, आणि निवडलेला पासवर्ड फुटलेल्या याद्यांत आहे का ते आधी बघा, असं सांगितलं.

"चौदा वर्षांनी पश्चात्ताप," काकू ओटीकडे बघत म्हणाल्या. तिथे काका पेपर वाचत होते. "इथे चाळीस वर्षं झाली, आणि अजून कशाचा नाही."

ओटीवर पान उलटल्याचा आवाज झाला.

"त्या फुटलेल्या याद्या आपल्याला बघता येतात?"

येतात. ऑस्ट्रेलियात ट्रॉय हंट म्हणून एक जण आहे, त्याने 2013 च्या डिसेंबरात 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट काढली. आपला मेलचा पत्ता घातला की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडला ते दिसतं. मास्तरांच्या मुलाने तिथेच बघितलं. पासवर्ड तपासायची सोयही तिथे आहे. अँड्रॉइडच्या आणि आयफोनच्या पासवर्डांच्या सेटिंगमध्येही अशीच तपासणी असते, जतन केलेल्यांपैकी कुठले फुटलेत ते फोनच सांगतो.

"म्हणजे आपला पासवर्ड त्या ऑस्ट्रेलियावाल्याला सांगायचा? छान! चोराला विचारायचं, माझं चोरलंस का?"

हीच शंका मलाही आली होती. आणि ती रास्तच आहे, कारण 'तुमचा पासवर्ड इथे लिहा, किती भक्कम ते सांगतो' म्हणणाऱ्या वाटेल तेवढ्या साइट आहेत. तिथे खरा कधी लिहू नये. पण या हंटच्या साइटवर युक्ती केलेली आहे. पासवर्ड आपल्याच फोनात दळला जातो, त्याचं चाळीस अक्षरांचं पीठ होतं. त्याच तांदळाचं दर वेळी तेच पीठ, पण पिठाचे परत तांदूळ होत नाहीत. त्या चाळिसांतली पहिली पाचच अक्षरं बाहेर जातात. या पाचांनी सुरू होणारी जेवढी फुटलेली पिठं असतील ती शेकड्यांनी परत येतात, आणि उरलेली पस्तीस अक्षरं जुळतात का ते आपल्याच फोनात बघायचं. आपलं कुठलं, ते तिकडे कळतच नाही.

काकूंच्या कपाळावर आठी. मग मला सुचलं.

"काकू, खालच्या वाडीतलं लग्न मोडलं ते मला कळलंय का, हे तुम्हाला बघायचं होतं आठवड्यापूर्वी. नाव तर घ्यायचं नव्हतं. काय विचारलंत मला?"

"विचारलं, 'स' वरून नाव असलेल्या मुलींचं काय काय ऐकलंस."

"मी आठ-दहा जणींचं सांगितलं. त्यातून तुम्हाला कळलं मला ठाऊक आहे की नाही. आणि तुम्ही कोणाबद्दल विचारत होतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही."

"कळायलाही नको," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगो, म्हणजे हे मी कधीची करतेय!"

आता माझंही सांगते. मला माझ्या पासवर्डाचा फार अभिमान होता. कीबोर्डवर एकच्या आकड्यापासून सरळ खाली उतरायचं, मग दोनपासून खाली. अर्थ काही नाही, नाव नाही, तारीख नाही, आकडे आणि अक्षरं मिसळलेली. भाचीपुढे तपासला. फुटलेल्या याद्यांत हजारो वेळा. जगातल्या हजारो बायाबापड्यांनी तशीच बोटं उतरवली होती आणि प्रत्येकीला आपण एकटीच शहाणी वाटलं असणार. भाची काही बोलली नाही, नुसता चहा ठेवायला गेली. तो अपमान जास्त.

चहा पिताना तिने हिशेब सांगितला. इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरं घेतली तर 20,882 कोटी जुळण्या होतात. ऐकायला केवढं, पण साइटने पासवर्ड हलक्या पद्धतीने दळून ठेवले असतील तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते मिनिटभराचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहावेत. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 साली फासा टाकून शब्द निवडायची रीत काढली. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द, यादीत 7776 शब्द. मग दर शब्दागणिक जुळण्या 7776 पट. लांब असतो, पण तोंडात बसतो.

"मग मी रामरक्षेतली ओळ घेते. पाठच आहे."

"अख्ख्या वाडीला पाठ आहे."

"हं."

"आणि पहिल्यांदा मेलचा बदला. बाकी सगळीकडे 'विसरलो' म्हटलं की नवीन पासवर्डाची चिठ्ठी मेलवरच येते. ते सगळ्या वाड्याचं पुढचं दार. तिथे ओटीपीची दुसरी कडीही लावून घ्या. ती ओटीपी विचारणारा फोन आला तर—"

"ठेवून देते. परवा एकाला सांगितलं, आमसुलं घेतोस का बोल. त्यानेच ठेवला."

राहिला प्रश्न लक्षात कसा ठेवायचा. लिहून ठेवायचा नाही असं आपल्याला बजावलेलं असतं, पण ब्रूस श्नायर या जाणत्या माणसाने 2005 मध्येच सांगितलं की चांगला पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकिटात जपा, छोटे कागद सांभाळायची आपल्याला सवय असते. मला ते पटतं. परदेशातला चोर काकूंच्या देवघरातल्या पोथीत हात घालायला येणार नाही. फोनमधला पासवर्ड मॅनेजर त्याहून सोयीचा. काकूंना पोथी बरी वाटली.

दुपारी काकूंनी शब्दकोश काढला, नातवाच्या सापशिडीतला फासा काढला, आणि काकांना आकडे लिहायला बसवलं. पान कुठलं, ओळ कितवी, सगळं फाशाने ठरवायचं. तासभर आतून खडखड येत होती. संध्याकाळी मी कपडे काढायला गेले तर काकू गडग्यापाशीच उभ्या, डोळे चमकतायत.

"झाला गो! पाच शब्द! काय आलेत, ऐक तर. पहिला घंगाळ—"

"काकू!"

त्यांनी तोंडावर लाल हात धरला. पण उशीर झाला होता. पलीकडच्या गडग्यावरून वहिनींचा आवाज आला, "घंगाळ काढताय का हो विकायला? तांब्याचं आहे का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या ओटीच्या दिशेने ओरडल्या, "अहो, तो फासा आणा परत."