हिंगात गहू

लेकीला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार, असल्याचं निदान झालं आणि आमच्या घरातून गहू हद्दपार झाला. कणीक, रवा, शेवया, सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी, डब्यांमागून डबे शेजारी गेले. (शेजारी त्या काळात फारच गोड वागत.) ती एकटी का, आपण सगळेच गहू सोडू, असा बाणेदार ठराव मी मांडला. आईने ज्वारीचं पीठ आणि परात माझ्यापुढे सरकवली. "ठराव तुझा ना? थाप मग."

ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं, हे मी सर्वांना समजावलं. पण पिठाची विरी गेली होती. भाकरी परातीत गोल होती, हातावर येताच तिचा महाराष्ट्राचा नकाशा झाला आणि तव्यापर्यंत जिल्हे सुटे झाले. विदर्भ तर गॅसवरच पडला.

मग गिरणी. गव्हावर दळलेली ज्वारी लेकीला चालत नाही. 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत, असं मी गिरणीवाल्याला सांगितलं. तेव्हापासून मी कोपऱ्यावर दिसलो की तो "आत्ताच गहू काढलाय हो!" असं ओरडू लागला. घरघंटी आली.

खरा शोध आईने लावला. लेकीचं पोट वरणभातावरही का दुखतं, म्हणून तिने भिंग घेऊन हिंगाची डबी वाचली. हिंगात मैदा! "जन्मभर मी फोडणीत मैदा घालत होते?" तिला जो धक्का बसला, त्यातून ती अजून पुरती सावरलेली नाही. उपासाचं मात्र सगळं चाललं: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण माझ्या कमरेच्या पट्ट्याने मनावर घेतली.

एवढ्या तयारीनिशी मी एका मुंजीत आचाऱ्याला गाठलं. जिलबी बाद, हिंगामुळे मसालेभात बाद, आमटी बाद. मग 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि सिलिअ‍ॅकची मुलं सुधारू लागली, हे डॉक्टर डिके यांनी कसं टिपलं, ते सुरू केलं. हॉलंडमध्ये पाव संपला तोवर इकडे फोडणी करपली. आचारी हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही पंगतीत बसा. पोरीचं मी बघतो."

लेक घरून आणलेला डबा उघडून निवांत वरीचा भात जेवत होती. तेवढ्यात आचारी स्वतः वाटी घेऊन आला. वर काजू, केशर, तुपाची धार.

"ताईंसाठी वेगळ्या पातेल्यात केलाय. गव्हाचा एक दाणा नाही."

"काय आहे?" मी कृतार्थ होऊन विचारलं.

"रव्याचा शिरा!"

लेकीने वाटी माझ्याकडे सरकवली. "बाबा, डॉक्टर डिकेंची गोष्ट आता तू याला पहिल्यापासून सांग. मी ताक घेऊन येते."

"ताकाला हिंग लावलाय का बघ!" आई पलीकडच्या पंगतीतून ओरडली.