बॅटरी बसली

मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा वाईला होता आणि माझी विजेची गाडी तीन आठवड्यांची झाली होती. दोन्हींत जास्त महत्त्वाचं काय, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं.

"तिथं गाडीचा विषय काढायचा नाही," हिने निघतानाच बजावलं. मी विषय काढत नाही, तो आपोआप निघतो. तीन आठवड्यांत सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, बँकेतल्या बाई सगळ्यांचं प्रबोधन झालं होतं. दाताच्या डॉक्टरांना तर त्यांचं यंत्र तोंडात असतानाच मी रिजनरेटिव्ह ब्रेकिंग समजावलं होतं. ते फक्त "आ करा" म्हणत राहिले.

खेड शिवापूरच्या नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले तेव्हा मी काच खाली केली. विजेच्या गाड्यांना टोल माफ झालाय, ऑगस्ट २०२५ पासून. हे खरंच आहे. फक्त ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांच्यापुरतं. नाक्यावरच्या पोराने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, हिरवी पाटी दिसली आम्हाला. पैसे गेलेत. आता तुम्ही पण जावा." मागच्या ट्रकने भोंगा वाजवून अनुमोदन दिलं.

कागदावर ही गाडी एका चार्जमध्ये चारशेच्या वर किलोमीटर जाते. तो आकडा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेचा आणि एआरएआय आमच्या कोथरूडच्या टेकडीवर, त्यामुळे त्यावर शंका घेणं म्हणजे घरच्या माणसावर शंका घेणं. खंबाटकीच्या चढाला मात्र टक्के असे उतरायला लागले की मी एसी बंद केला. ही पदराने वारा घेत बसली. घाट उतरून सुरूर फाट्यापर्यंत एक टक्का परत आला, तो मी हिला मोठ्याने वाचून दाखवला.

साखरपुडा नीट झाला असावा. मी बाहेर कार्यालयाच्या आवारात होतो. "दाजी, गाडी तर दाखवा," एवढंच मेहुणा म्हणाला होता. मी दारात उभं राहून आत हात घातला, बटण दाबलं आणि दीड तास खेळ लावला. पडदा, गाणी, दिव्यांचा नाच, सीटमधून येणारी गार हवा. शेवटी छताची काच सरकवली तेव्हा करवल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नातही माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

जेवून बाहेर आलो तर गाडी गप्प. पडदा काळा, दारांची हँडलं आत ओढून घेतलेली, छत उघडं आणि आभाळ भरून आलेलं. किल्लीच्या डबीत एक खरी, दाते असलेली किल्ली लपवलेली असते, हे मला ही म्हणाली तेव्हा कळलं. माहितीपुस्तक तिने वाचलं होतं.

तिथं मांडववाल्याचा एक पोरगा वायरी गुंडाळत होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली. "बॅटरी बसलीय वो. जंपर लावू? टेम्पोत हाये." एवढे पाहुणे बघत असताना मी त्याला जे सांगितलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हणालो, "बाळा, ही तुमच्या टेम्पोसारखी गाडी नाही. हा संगणक आहे." संगणकावर पहिले दोन थेंब पडले. पोरगा निमूटपणे आत गेला आणि मांडवाचं गुलाबी, सोनेरी किनारीचं कापड आणून त्याने छतावर बांधून दिलं.

मदतवाहिनीवर एका मुलीने माझं नाव, चेसिस नंबर आणि 'आपण सुरक्षित आहात का' हे चारदा विचारलं. चार तासांनी गाडी उचलायला ट्रक आला. पुढची चाकं फिरवत ओढून नेली तर आतली मोटार उलट वीज तयार करते आणि भलतंच जळू शकतं, म्हणून अख्खी गाडी पाठीवर घ्यावी लागते. हेही मी जमलेल्यांना समजावून सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोगद्यातून परत येताना मी ट्रकच्या केबिनमध्ये बसलो होतो. बाजूच्या गाड्यांतली पोरं आमच्या गुलाबी मांडवाकडे बघून हात करत होती. नवरी शोधत असावीत.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूमने हार घातला, केक कापला, पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात देऊन फोटो काढला. त्याच इमारतीच्या मागच्या दाराला सर्व्हिस सेंटर म्हणतात, आणि तिथं टोकन घ्यावं लागतं. सल्लागार गोड बोलायचा. "सर, ईव्हीचा माणूस एकच आहे, तो ट्रेनिंगला गेलाय." चौथ्या दिवशी माणूस आला, लॅपटॉप दुसऱ्या शाखेत होता. सातव्या दिवशी दोघं भेटले, पण सॉफ्टवेअरचं अपडेट अर्ध्यात अडकलं. "गाडी ऑब्झर्वेशनखाली आहे, सर." मी रोज जाऊन काचेपलीकडून तिला बघायचो. गुलाबी कापड तसंच होतं. ते सोडायची परवानगी कुणाच्या अधिकारात येते, हे ठरत नव्हतं.

सोसायटीत डिझेलवाले शेजारी रोज विचारायचे, गाडी दिसत नाही? मी म्हणायचो, भाच्याला दिलीय, त्याला फार आवडली.

बाराव्या दिवशी निदान झालं. गाडी पळवणारी मोठी बॅटरी ठणठणीत होती. पण दारं, पडदे, संगणक आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीचा संपर्क जोडणारा रिले, हे सगळं बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या साध्या छोट्या बॅटरीवर चालतं. तिजोरी भरलेली, पण चावीवाला मुनीम झोपलेला. ब्रेक दाबून बटण दाबलं की गाडी 'रेडी' होते आणि मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. ब्रेक न दाबता, उदाहरणार्थ बाहेर उभं राहून आत हात घालून, दाबलं तर सगळा खेळ छोटीच्या जिवावर. त्यात ती मुळातच अशक्त निघाली. वॉरंटीत बदलून मिळाली. लागलेला वेळ वीस मिनिटं.

"म्हणजे जंपर लावला असता तर?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"लगेच चालू झाली असती, सर. तिथं कुणी नव्हतं का?"

संध्याकाळी फोन आला. "सर, कंपनीकडून कॉल येईल. दहापैकी दहा द्या, प्लीज. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो." नंतर कंपनीचा कॉल आला तेव्हा मी डिझेलवाल्यांसोबत लिफ्टमध्ये होतो. बारा दिवसांत साठवलेलं एक खणखणीत भाषण तयार होतं.

"दहा," मी म्हणालो. "उत्तम सेवा. गाडी तर लाजवाब."

मांडवाचं कापड धुऊन, इस्त्री करून वाईला पाठवलं. सोबत त्या पोरासाठी पेढे. डिकीत आता लाल-काळ्या जाड वायरींची एक जोडी असते, टॉवेलखाली. परवा डिझेलवाल्यांना ती दिसली.

"हे काय हो?"

"कपडे वाळत घालायला," मी म्हणालो. "गावाला गेलो की लागतात."