ठोकळेवाला

१९९०च्या आसपास अमेरिकेत टेलिफोनच्या तारेवरून हौशी मंडळींच्या संगणकी चावड्या चालत. बीबीएस म्हणत त्यांना. चावडी चालवणारा तो सिसॉप आणि चावडीची पाटी रंगवून देणारा आमचा ठोकळेवाला. वय सोळा. खरं नाव फक्त आईला आणि शाळेच्या हजेरीपटाला ठाऊक. बाकी जगात टोपणनाव, तेही शक्यतो राक्षसाला शोभेलसं.

भांडवल काय, तर आयबीएमने १९८१च्या पीसीत घातलेली २५६ चिन्हं. त्यात ग्रीक अक्षरं आहेत, पत्त्यांतले बदाम-इस्पिक आहेत, दोन हसरे चेहरेही आहेत. त्यांच्याकडे हा पठ्ठ्या ढुंकूनही पाहत नाही. त्याला हवेत ठोकळे: विरळ ठिपक्यांचा, मध्यम, दाट आणि ठार भरीव. 'द ड्रॉ' या प्रोग्रॅममध्ये ते एफ-वन ते एफ-फोरवर ओळीने बसलेले, म्हणून त्या चार बटणांवरची अक्षरं पार पुसली गेलेली. अर्धा ठोकळा हा हुकमी एक्का. वरचा अर्धा पिवळा, खालचा तपकिरी. म्हणजे पडद्याच्या २५ ओळींत ५० ओळींचं काम! अक्षराला रंग सोळा, पार्श्वभूमीला मात्र आठच. एवढ्या सामग्रीत राक्षसाच्या दंडाची बेटकुळी फुगवता फुगवता रात्रीचे दोन वाजतात. उद्याचा गणिताचा पेपर कोण लक्षात ठेवतो?

चित्रकारांचा गट हा त्याचा धर्म. १९९०मध्ये 'अ‍ॅसिड' निघाला, १९९१मध्ये 'आइस'. याच्या गटाची चित्रं म्हणजे कला, दुसऱ्या गटाची म्हणजे भरताड. कोपऱ्यातली सही पुसून कुणी चित्र आपलं म्हणून खपवलं, की तो 'रिपर'. असल्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही.

सेकंदाला २४०० बिट आणणाऱ्या मोडेमवर चित्र ओळीओळीने उतरे. आधी शिंगं, मग डोळे, मग जबडा. आणि राक्षस छातीपर्यंत आला, की आई नेमका शेजारच्या खोलीतला फोन उचले. मावशीशी बोलायला. झालं, जोडणी तुटली.

पुढे वेब आलं आणि चावड्या ओस पडल्या. ठोकळेवाला आता पन्नाशीला टेकलाय, पण 'पाब्लोड्रॉ' उघडून अजून रात्री जागवतो. त्याचे ठोकळे युनिकोडमध्येही घेतलेत, तुमच्या मोबाइलवरसुद्धा दिसतात. ते त्याला कौतुकाने दाखवायला मात्र जाऊ नका. फॉन्ट कसा चुकलाय, यावर तासभर ऐकून घ्यावं लागेल.