नव्या प्लगला हात लावायचा नसतो म्हणणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री,

साखरपा सोडले, आंबा घाटाची चढण लागली आणि माझा सीएनजी टेम्पो मिसिंग करू लागला. मागे हापूसच्या पेट्या, वर मे महिन्याचे ऊन. चारही प्लग तुम्ही दोनच दिवसांपूर्वी बदलले होते. फोन केला तर म्हणालात, "गॅस खराब भरलात."

गॅसचा दोष नव्हता. कोल्हापुरात प्लग काढून मोजले. गॅप १.१ मिलिमीटर. गाडीच्या पुस्तकात आहे ०.७. खोक्यावर नंबरच्या शेवटी ११ छापलेले होते, म्हणजेच १.१. खोके तुम्हीच फोडलेत. दोन आकडे वाचायला किती वेळ लागला असता?

"नव्या प्लगला हात लावायचा नसतो, कंपनीतून सेट होऊन येतो." कुणाच्या गाडीसाठी सेट होऊन? तोच प्लग कितीतरी इंजिनांत बसतो. प्लग बनवणाऱ्याला माझा टेम्पो माहीत नाही. तुमच्या तर तो दारात उभा होता.

सपाट रस्त्यावर गाडी गोड चालली, म्हणून तुम्ही मला खोटे पाडलेत. अहो, खोट चढणीलाच कळते! ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबले जाते आणि त्या दाबात ठिणगीला उडी मारणे जड जाते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते ते वेगळेच. त्यात गॅप रुंद, मग कॉइलने किती ताण सोसायचा? ठिणगी पडली नाही की न जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेने जातो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतो आणि कन्व्हर्टरच जाळून टाकतो. त्याचे बिल तुम्ही भरणार होतात का?

परत आणून दाखवले, तर तुम्ही प्लग व्हाइसवर ठोकून गॅप कमी केलात, तोही नजरेने. मिलिमीटरचा दहावा हिस्सा नजरेने ओळखता येत नाही. वाकवायचा तो बाहेरचा पाय, तोही हलक्या हाताने. ठोकल्यावर आतल्या पोर्सेलीनला तडा गेला आणि ठिणगी त्या तड्यातून बॉडीला उतरू लागली. तीन सिलिंडर चालले, चौथा मेला.

आणि कुठलाही प्लग चालतो हे गिऱ्हाइकांना सांगणे थांबवा. एनजीकेवर आकडा चढला की प्लग थंड, बॉशवर आकडा चढला की गरम. सहाला सहा जुळवून कंपनी बदललीत तर इंजिनची भट्टी बिघडते. आट्यांची लांबी जास्त झाली तर पिस्टन प्लगवर आपटू शकतो.

माझ्या एका फेरीचे भाडे बुडाले, आंबा उशिरा पोचला, ते मी सोसेन. पण तुमच्याकडचा तो पोऱ्या तुमचेच बघून शिकतोय. परवा त्यानेही एका रिक्षाचा प्लग फरशीवर आपटला, तेव्हा मला राहवले नाही.

नवे चार प्लग मी आणून दिलेत, ०.७ ला मोजलेले. पोऱ्यानेच बसवले. आधी हाताने, वॉशर टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तारेचा गेज त्याच्यापाशीच ठेवून आलोय. ०.७ ची तार कुठली, ते त्याला ठाऊक आहे.

तुमचा जुना गिऱ्हाईक